विम्याबाहेरचे उस्ताद

“शिडीवर जो जो चढतो त्याचं नाव घाला, वहिनी. शिडीला काय कळतंय, कोण मालक आणि कोण उस्ताद!” कामगारांचा अपघात विमा काढून देणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. लेकीला मांडीवर थोपटत मी हसले. “उस्ताद आमच्याकडे कामाला नाहीत हो. आम्हीच त्यांच्याकडे आहोत.”

अगदीच खोटं नव्हतं ते. घरं रंगवायचा धंदा माझ्या नवऱ्याचा, पण त्याच्या हातात पहिला ब्रश दिला तो उस्तादांनी. गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांनी स्वतःची कामं घेणं सोडलं आणि शिष्याच्या कामांवर यायला लागले. रोजचे पैसे रोज घ्यायचे, नवऱ्याला ‘मालक’ म्हणून चिडवायचे, मला ‘सूनबाई’ म्हणायचे. विम्यात दोन रंगाऱ्यांची नावं घातली, तेव्हा त्यांनाही विचारलं होतं.

“मी ह्याचा कामगार?” ते खो खो हसले. “उद्या ह्याच्यापुढे रजेचा अर्ज घेऊन उभं करशील मला, सूनबाई! मी माझा मालक.”

विषय तिथंच संपला.

मग एका घराच्या जिन्यात, उंच भिंतीच्या भेगांत लांबीचा लगदा भरताना उस्तादांची शिडी सरकली. नवरा खालच्या खोलीत होता. आवाज ऐकून तो धावत गेला, तर उस्ताद उठून कपडे झटकत होते. डोक्यामागे मोठं टेंगूळ.

“दवाखान्यात चला.”

“तिथं विचारतील, कुणाच्या कामावर पडलात. मी विम्यात नाही. सगळं तुझ्या अंगावर येईल, मालक. लेकरू लहान आहे तुझं.”

“मग घरी पडलात म्हणून सांगू.”

“अंगभर लांबी घेऊन? डॉक्टरला काय डोळे नाहीत?”

नवऱ्याने हाताला धरून ओढलं, तरी ते हलेनात. शेवटी कसंबसं आमच्या घरी यायला तयार झाले.

खुर्चीत बसले, पाणी प्यायले. लेकीकडे बघून विचारलं, “झोपते का नीट?” मी हो म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, “झोपते का नीट?” तोच सूर, तेच हसू. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्या नजरेकडे पाहिलं. ते लेकीकडे बघतच नव्हते. तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं. “काय अंगावर यायचं ते येऊ दे. उचलून ने, पण आत्ताच्या आत्ता ने.”

आम्ही बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. दार सताड उघडं.

तेव्हापासून उस्ताद स्वतःच्या खोलीवर गेलेले नाहीत. पोलिसांत कळवलं, दवाखाने पालथे घातले. त्यांना फोन लागत नाही. आम्हाला मात्र फोन येतात, जुन्या गिऱ्हाइकांचे.

“अहो, तुमचे म्हातारबाबा येऊन खिडकी घासून गेले. पैसेही घेतले नाहीत!” ते घर नवऱ्याने आमच्या लग्नाआधी रंगवलेलं. तो पोचला तर तिथं कुणी नव्हतं, नुसती चौकटीवर पॉलिशपेपरची ताजी भुकटी. मग दुसऱ्या गल्लीतून फोन, मग तिसऱ्या. एक निवृत्त बाई म्हणाल्या, “भिंतीवर तळवा टेकवून उभे होते. म्हटलं, बसा, पाणी आणते. आणलं तोवर गेलेले. पण कडी तर मी आतून लावली होती हो.”

“वय झालंय बाईंचं, विसरल्या असतील,” नवरा म्हणतो. उजेड असेपर्यंत मीही तेच म्हणते.

आता विम्यात सगळ्यांची नावं आहेत, नवऱ्याचंसुद्धा. होऊन गेलेल्या अपघाताला त्याचा उपयोग नाही. उस्ताद सापडले तर त्यांचं सगळं आम्हीच करणार, हे आमचं ठरलंय. पण ते सापडायला हवेत, आणि डोक्याचा मार असा वाट बघत बसत नाही. नवरा गल्ल्या धुंडाळतो. मी लेक झोपली की जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावते. जागी असली की ती पाळण्यातून त्याच भिंतीकडे बघते आणि कुणी ओळखीचं दिसावं तशी हसते. परवा मी पाळणा फिरवून ठेवला. तिने मान वळवली.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या घराच्या भिंतीवरून कधी एखाद्या वयस्कर रंगाऱ्याचा हात फिरला असेल, तर उठा आणि जिना, गच्ची, मागची खोली एकदा बघून या. घरात तुम्ही एकटेच आहात असं वाटत असलं तरी बघून या. ते दिसले तर पाणी आणायला जाऊ नका, आधी हात धरा. तसंच धरून डॉक्टरांकडे न्या, आणि कुणाच्या कामावर पडले असं विचारलं तर आमचं नाव सांगा. ते ‘नाही’ म्हणतील. तरी हात सोडू नका.