ताईने आणलेली तुती

रंगांच्या कारखान्यात छटा जुळवायचं काम करणारी ती, दीड महिना तापाने अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, पण अंगात त्राण म्हणून येईना. दुपारी खिडकीशी आडवं झालं की डोळा लागतो न लागतो तोच स्वप्न सुरू व्हायचं. कारखान्यातली पिंपं अलगद कलंडायची आणि पाणी झालेले रंग भिंतींवरून ओघळत राहायचे. जाग आली तरी खोली फिकटच दिसायची. शेजारणीने सांगितलं म्हणून तिने शरीराची झीज रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या मागवल्या आणि एकीच्या जागी दोन-दोन घ्यायला लागली.

अशात, आजारपणाचं कानावर आलं म्हणून, एका सकाळी थोरली बहीण दारात उभी. ताई नर्स होती. धाकटीने आईचं शिवणयंत्र न विचारता कुणाला तरी देऊन टाकलं, तेव्हापासून तीन वर्षं दोघींत अबोला होता. ताईने गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल वाचलं आणि बाटली सरळ कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिली.

"डॉक्टरांनी दिल्यात का? नाही ना? मग ताटात रंग वाढ. हे सगळं तिथेच मिळतं."

दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर जाताना ती डबा ठेवून जाऊ लागली. कधी बीट, कधी काळी द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, पालकाचं सूप. सोबत बिनदुधाचा चहा. शरीराची रोज थोडी झीज होतच असते, अशा खाण्याने तिला जरा आळा बसतो, जादूबिदू काही नाही, एवढं तिने एकदा समजावलं. धाकटी मात्र बिटाची चकती उजेडात धरून बसायची. कारखान्यातल्या दोनशे लालांपैकी एकही तिच्या जवळपास जात नव्हता. हळूहळू स्वप्नातले रंगही दाट होत गेले. द्राक्षांच्या जांभळ्यात घोटाभर बुडून ती सावकाश चालायची, आणि पाय दुखायचे नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी संपवून ताई तुती घेऊन आली. दोघी गच्चीच्या पायरीवर उन्हात बसल्या. बोटं जांभळी झाली.

"यंत्र कुणाला दिलंस गं?"

"कारखाना झाडणाऱ्या बाईंना. त्यांच्या लेकीला शिवण शिकायचं होतं. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही, ताई. चुकलंच माझं."

ताईने एक तुती बोटांत फिरवली.

"हो म्हणायची संधी तरी द्यायचीस मला," ती म्हणाली.

मग रात्रपाळीचा शीण अंगावर आला आणि धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपी गेली. खांद्याला मुंग्या आल्या, ऊन पायरीवरून उतरून गेलं, तरी धाकटी हलली नाही. पुढच्या सोमवारी ती कामावर गेली, अर्ध्याच दिवसासाठी.