समोरच्या ओळीचं पाणी

नाव भागीरथी असलं म्हणजे दारी पाणी वाहतं असं काही नसतं, पण नवागामच्या त्या गल्लीत वीसेक वर्षं तसंच चाललं होतं. गल्लीचा एकुलता एक सार्वजनिक नळ भागीरथीच्या ओट्याला टेकून होता. नळ महापालिकेचा, ओटा भागीरथीचा, आणि सकाळी पाणी येईल तेवढा वेळ राज्यही भागीरथीचंच. कोणाचा हंडा कोणाच्या मागं लागेल, बाळंतिणीच्या घरी आधी किती जाईल, भांडखोर भाडेकरणीला किती ताटकळत ठेवायचं, सगळं ती ओट्यावर बसून ठरवायची. नवरा भाईदास कापडाच्या लूमवर, मुलगा प्रशांत सचिन गावच्या मिलमध्ये. अंगावर सोनं म्हणाल तर मंगळसूत्राचे दोन मणी. मिरवायला एवढा एक नळ होता, आणि तो ती पुरेपूर मिरवायची.

तिच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी असायची ती शकू. शकूचं घर समोरच्या ओळीत, नळाच्या अगदी नाकासमोर. शकू अकोल्याकडची, गल्लीत बौद्धांचं तेवढं एकच घर. नवरा नरेंद्र इच्छापोरला ठेकेदाराच्या हाताखाली होता. भागीरथी शिरपूरकडची, अहिराणी बोलायची, शकू वऱ्हाडी. दोघी भांडायच्याही आपापल्या बोलीत आणि चहा मात्र एका पातेल्यातला प्यायच्या. शकूच्या चैतालीला पहिली आंघोळ भागीरथीनं घातली होती, आणि भागीरथीला चिकनगुनिया झाला तेव्हा तिची वेणीफणी शकूनं केली होती. शकूचा हंडा रोज दुसरा लागायचा. पहिला अर्थात भागीरथीचा. दुसरा नंबर देण्यात भागीरथीची सगळी माया होती, आणि ती दुसऱ्याच नंबरात बसत होती, हे तोवर कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

मग चोवीस तास पाण्याची योजना आली. रस्ता खणला गेला, आठवडाभर गल्लीतल्या पोरांनी चरात उड्या मारल्या, आणि चरात दोन पाइप पडले, एक निळा आणि एक काळा. कामावरच्या मुकादमानं चहा पिता पिता गुजरातीत समजावलं, "आ भूरी पीवानी, ने पेली काळी मिलनी." म्हणजे निळ्यातून पिण्याचं, आणि काळ्यातून गटाराचं पाणी प्लँटवर साफ करून कारखान्यांकडं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हेही त्यानं सांगितलं. भागीरथीनं ते सगळं नीट ऐकलं होतं.

समोरच्या ओळीला घरोघरी नळ आधी लागले. ह्या ओळीचं विचारलं तर मुकादम म्हणाला, "दिवाळी पछी." कुठल्या दिवाळीनंतर ते त्यानं सांगितलं नाही. नवी लाइन सुरू झाल्यावर जुन्या लाइनचा जोर गेला. भागीरथीच्या ओट्यावरच्या नळाला करंगळीएवढी धार राहिली, तीही खोकत यायची. चार दिवस बायकांनी वाट पाहिली, आणि पाचव्या दिवशी सगळ्यांचे हंडे रस्ता ओलांडून शकूच्या दाराशी लागले.

शकूनं कोणाला नाही म्हटलं नाही. उलट नळाला रबरी नळी लावून ती उंबऱ्याबाहेर सोडली, म्हाताऱ्यांना बसायला पाट टाकला. हसणं, खिदळणं, कोणाच्या सुनेनं काय केलं ते सगळं आता तिकडं. आपल्या ओट्यावरून भागीरथी ते बघायची आणि तिच्या अंगाचा तीळपापड व्हायचा. शकू भर दुपारी ओटा धुवायची तेव्हा भागीरथीला वाटायचं, ही आपल्याला दाखवायलाच धुतेय. शकू गाणं गुणगुणायची तेव्हा वाटायचं, पूर्वी कधी गायची का ही? शकूच्या चैतालीचं लग्न जुळलं, मुलगा अकोल्याचा, बँकेत. हेही भागीरथीला त्या नळातूनच आल्यासारखं वाटलं.

सगळ्यात वाईट म्हणजे शकू चांगली वागत होती. एकदा तिनं भरल्या रांगेतून हाक मारली, "भागीरथी, तू काहून नाई येत वं? तुले लाइन लावाचं काम नाई. तू सीधी आत ये, पैला हंडा तुहा."

रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. पहिला हंडा! वीस वर्षं जो स्वतःच्या हक्काचा होता तो आता शकू तिला देणार होती, आणि तोही दयेनं. भागीरथी म्हणाली, "माले काय कमी शे?" आणि घागर उचलून देवळामागच्या बोअरवर गेली.

बोअरचं पाणी खारं. चहा फाटायचा, डाळ शिजायची नाही. चार दिवस कचकचीत डाळ खाल्ल्यावर भाईदास म्हणाला, "शकूना घरनं आन ना दोन हंडा. नाव भागीरथी आनि डाळ शिजस नही."

"मंग तठेच जाईसन ऱ्हाय," भागीरथी म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मालतीबाईंच्या पिठाच्या गिरणीत गेली. मालतीबाई नांदेडकडच्या, गल्लीतली ज्वारी आणि गल्लीतल्या बातम्या दोन्ही तिथंच दळल्या जायच्या. भागीरथीनं डबा ठेवला आणि अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाली, "समोरना नळले ते काया पाइपनं पाणी ई ऱ्हायनं म्हणे. गटरनं. धोयेल."

मालतीबाईंनी गिरणीचा पट्टा थांबवला. "कोण म्हनलं?"

"मुकादम."

मुकादम बरोबर उलटं बोलला होता, पण तो आता दुसऱ्या गल्लीत खणत होता. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट ह्या ओळीच्या सगळ्या स्वयंपाकघरांत जाऊन बसली. समोरच्या ओळीत शकू सोडली तर सगळे ओडिया आणि युपीवाले. आपली अफवा मराठीत होती, त्यामुळं ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही आणि ते मजेत तेच पाणी पीत राहिले.

शकूच्या दारची रांग आधी निम्मी झाली, मग संपली. कारण कोणी सांगितलं नाही. एकीनं म्हटलं, आज पाणी आहे. दुसरीनं म्हटलं, पोरगं आणतं गाडीवरून. उंबऱ्याबाहेर टाकलेला पाट दोन दिवस तसाच पडून राहिला, मग शकूनं तो आत घेतला. भागीरथीनं हे सगळं ओट्यावर बसून पाहिलं, डोळे भरून पाहिलं. तिला महिन्यात पहिल्यांदा भूक लागली.

एक गोष्ट तिला जरा खटकली. बायका बोअरवर फारशा दिसेनात. बघितलं तर त्या शकूच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या यादवांच्या घरी हंडे लावत होत्या. पाइप तर तोच! तिनं मालतीबाईंना विचारलं. मालतीबाई म्हणाल्या, "त्यायच्याकडं फिल्टर बसवलाय म्हनं." भागीरथीला एवढंच कळलं की रांग शकूच्या दारातून हलली. यादवीणीवर जळायचं काही कारण नव्हतं, म्हणून तिनं तो विचार सोडून दिला.

मध्ये एकदा शकू स्वतः आली. ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "माह्याकडून काई चुकलं काय वं? बाया काहून येत नाईत?" तिचा चेहरा एवढासा झाला होता. तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण खूप दिवसांनी शकू आपल्या ओट्यावर येऊन बसलीय, काहीतरी मागतेय, हेच भागीरथीला इतकं गोड लागलं की ती म्हणाली, "लोकेसनं काय सांगो, बहीन." आणि तिला चहा केला. चहा फाटला. शकूनं तो तसाच पिऊन टाकला.

चैतालीच्या साक्षगंधाला गल्लीत मांडव पडला. साक्षगंध म्हणजे अकोल्याकडचा साखरपुडा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, मुलाकडची माणसं समोर खुर्च्यांवर बसली. ह्या ओळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, चांगल्या साड्या नेसून. यादवीणही कडेला बसली होती. शकू स्वतः ट्रे घेऊन निघाली. पाहुण्यांना पाणी देऊन ती बायकांकडं वळली.

पहिलीनं सांगितलं, आत्ताच पिऊन आले. दुसरीला उपास होता, आणि तोही निर्जळी निघाला. मालतीबाईंचा दात दुखत होता. ट्रे एकीपुढून दुसरीपुढं सरकत गेला आणि त्यातला एकही ग्लास हलला नाही. शेवटी शकू भागीरथीपुढं आली.

भागीरथीला तहान लागली होती. पाणी स्वच्छ आहे हे त्या मांडवात तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण तिनं ग्लास उचलला असता तर सगळ्यांदेखत तिचंच बोलणं खोटं पडलं असतं. ती म्हणाली, "नको. आत्तेच पिनी."

मुलाची आत्या, नूतन, हे सगळं बघत होती. तिनं काही आवाज चढवला नाही. विहिणीला विचारावं तसं विचारलं, "काहून वो शकूबाई? हे लोक तुमच्या घरचं पाणी पेत नाईत काय?"

नरेंद्र खुर्चीवरून उठला आणि परत बसला. चैतालीनं मान खाली घातली.

शकूनं ट्रे टेबलावर ठेवला. "आजपर्यंत पेत होते, आत्याबाई. एकच नळ होता तवा कोनी काई म्हनलं नाई. आता घरोघरी नळ येऊन राह्यले. आता कोनाले कोनाची गरज नाई, म्हून जुनं आठवलं असन."

भागीरथीला शकूची रांग मोडायची होती. तिला शकू पुन्हा आपल्या ओट्यावर, दुसऱ्या नंबरावर हवी होती. हे जातीचं तिनं केलं नव्हतं. आणि आता गप्प बसली तर शकू जन्मभर हेच समजून राहणार होती, की वीस वर्षं भागीरथीनं नाइलाजानं तिचं पाणी पोटात घातलं.

ती उठली, ट्रेमधला ग्लास उचलला आणि घटाघटा प्यायली.

"आता पेऊन नको दाखवू," शकू म्हणाली. "दाखवाले पेनारे लई पाह्यले मी."

"दाखाडत नही," भागीरथी म्हणाली. "मी खोटं बोलनू. तुना नळले गटरनं पाणी शे असं मीच सांगं सगळासले. तुना दारले रांग लागनी आनि मना दारले कुत्रं बी फिरकेना. मी जळनू तुनावर, शकू. दुसरं काहीच नही. नुसती जळनू."

पाहुण्यांसमोर, मांडवात, अख्ख्या गल्लीदेखत. भाईदासनं मागं कपाळाला हात लावला. गल्लीवर राज्य केलेली बाई तिथं उभ्या उभ्या मेल्याहून मेल्यासारखी झाली, पण तिला हलकंही वाटलं. आता शकू शिव्या घालेल, चार महिने बोलणार नाही, आणि मग बोलेल. एवढं तिला माहीत होतं.

"पटते मले," शकू म्हणाली. "पैला हंडा देतो म्हनलं तवाच तुह्यं तोंड पाह्यलं होतं मी."

मग ती बायकांकडं वळली. "पन पाइपात गटार होतं, तं यादवाच्या घरी काहून भरत होत्या तुम्ही? त्याच्या घरी बी तोच निळा पाइप हाय. माह्या भिंतीतूनच गेला."

मालतीबाई म्हणाल्या, "त्यायच्याकडं फिल्टर हाय, म्हनून..."

मराठी न कळणाऱ्या यादवीणीला आपलं नाव आणि फिल्टर एवढं कळलं. ती कडेला बसूनच म्हणाली, "फिल्टर? हमारे घर में कहाँ फिल्टर है, दीदी?"

मालतीबाईंनी पदर सावरला. निर्जळी उपासवाली मांडवाच्या झालरीकडं बघू लागली. भागीरथीनं एकेकीकडं पाहिलं. तिच्याकडं कोणी पाहिलं नाही.

शकूचा हात भागीरथीच्या दंडावर आला. त्यात राग होता, बोटं रुतत होती. हळू आवाजात ती म्हणाली, "तुह्यासंगं मी भांडीन वं, भागीरथी. झिंज्या उपटीन तुह्या. पन यायच्यासंगं मी काय करू, ते सांग."