देवघरातलं युद्धपदक

मी एक जुनं युद्धपदक आहे, मित्रांनो. निदान मला तसं वाटतं. काशीत दूधविनायकाच्या गल्लीत, देवघरात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मधोमध पन्नास वर्षं काढल्यावर कुणाचाही गोंधळ उडेल.

एकाहत्तरच्या लढाईनंतर सरकारनं मला घडवलं. गोल, पांढऱ्या धातूचं. पुढं अशोकस्तंभाचे सिंह, मागं उगवता सूर्य. मी काही शौर्याचं पदक नव्हे. त्या काळात सरहद्दीकडच्या राज्यांत जे सैन्याच्या कामावर होते, त्या सगळ्यांना माझ्यासारखं एकेक मिळालं. माझ्या कडेवर नंबर आणि नाव ठोकलेलं होतं. नाव वासुदेवरावांचं. ते पलटणीचे स्वयंपाकी होते.

मी घरी आलो तेव्हा त्यांनी मला डबीतून बाहेरही काढलं नाही. "पोळ्या भाजल्याचं कसलं पदक," स्वतःशीच पुटपुटले. मी फार खट्टू झालो. त्यांच्या पत्नी शरदिनीबाई यांना मात्र माझा सूर्य आवडला. सूर्यनारायणच घरी आला असं समजून त्यांनी मला सूर्य वर करून देवांत बसवलं. दर रविवारी गंध, फूल, नैवेद्य. देव उजळताना मलाही चिंच लावून अशा घासायच्या की कडेवरचं नाव झिजत चाललं. मी देव की पदक? वासुदेवरावांचा की कुणाचाच नाही? मला काही उमगेना. ते रोज हात जोडायचे, पण माझी नजर चुकवून.

गेल्या डिसेंबरात संकठा घाटाजवळ माजी सैनिकांचा सत्कार ठरला. नात मधुवंती मला न्यायला आली.

"अगं, देवाला कुठं घेऊन चाललीस?" शरदिनीबाईंनी विचारलं.

"आजी, ये मेडल है. आजोबांचं." तिनं मला उजेडात धरलं. नंबर गेला होता. नावाचं पहिलं अक्षर तेवढं ओळखू येत होतं.

"मी नाही येणार," वासुदेवराव म्हणाले. "लोक विचारतील, किती मारले. काय सांगू?"

"जे झालं तेच सांगा ना, आजोबा."

शेवटी ते निघाले. मधुवंतीनं मला त्यांच्या कोटावर टाचलं. आणि सत्काराच्या जागी कुणीतरी विचारलंच, "बाबूजी, कितने मारे?"

"मारा किसी को नहीं," ते म्हणाले. "रोज चार सौ को खिलाया."

मग पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा पुढं आला. त्याच्याही कोटावर माझ्यासारखंच पदक होतं. त्यानं वासुदेवरावांचे हात धरले. "सरहद पे गरम रोटी आती थी, तो लगता था घर अभी है."

दुसऱ्या दिवशी शरदिनीबाई गंधाची वाटी घेऊन थबकल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी पूजा कशाची केली?"

"माझ्या पोळ्यांची," वासुदेवराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी मला नीट निरखून पाहिलं.

मी अजून देवघरातच आहे, फक्त आता सिंह वर असतात. माझा गोंधळ पुरता मिटलेला नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर घासण्याआधी कडेवरचं नाव वाचा. आणि ते नाव ज्याचं आहे तो माणूस समोर आहे तोवर त्याला विचारा, तुम्ही तिथं काय करत होता.