केरसुण्या बांधणारी

भिकीच्या हातातून चहाची किटली निसटली तेव्हा रश्मीला वाटलं, हिला चक्कर आली. चहा फरशीभर पसरला. भिकी मात्र भिंतीला टेकून तशीच उभी होती आणि तिची नजर समोरच्या चित्रावर खिळली होती.

"भाजलं का कुठे, भिकीताई?"

"मॅडम, ही कुठं भेटली तुमाला?"

चित्र रश्मीनेच काढलेलं होतं. तीन दिवसांपूर्वी फ्रेम होऊन आलं, म्हणून चित्रकलेच्या खोलीत टेकवून ठेवलं होतं. शाळेतल्या सगळ्यांनी येऊन पाहिलं होतं. राहिली होती ती खिचडी शिजवणारी भिकी, कारण तिला चुलीपासून हलायला फुरसत नसायची.

रश्मी सरावलीच्या शाळेत चौदा वर्षं चित्रकला शिकवत होती. स्नेहसंमेलनाचे पडदे आणि फळ्यावरच्या सुविचारांभोवतीची वेलबुट्टी यांतच तिचा हात झिजला होता. घरी ती फोटो समोर ठेवून चित्रं काढायची. ती नेटकी व्हायची, पण त्यांत जीव नसायचा, हे तिचं तिलाच कळायचं. नवरा सुदर्शन डहाणू रोडला रेल्वेत होता. तो प्रत्येक चित्राला "छान" म्हणायचा आणि जेवायला बसायचा.

गेल्या थंडीत तलासरीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. जेवणाच्या सुट्टीत रश्मी बाजारात गेली आणि तिथे तिला ही बाई दिसली. शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या बांधत बसली होती. दोरीचं टोक दातांत धरलेलं, तशातच शेजारणीशी गुजरातीत काहीतरी बोलून खदखदून हसत होती. रश्मीने वही काढली आणि दुपारचं अख्खं सत्र बुडवलं. त्यानंतर बाजाराच्या दिवशी ती मुद्दाम दोनदा जाऊन आली. बाईला कळलं तर ती अवघडेल, म्हणून सोड्याच्या गाडीआड उभी राहायची. त्यातून झालेलं हे मोठं चित्र मुंबईच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. प्रदर्शनाच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठही तेच होणार होतं.

"तलासरीच्या बाजारात," रश्मी म्हणाली. "का? ओळखीची आहे?"

भिकी चित्राजवळ गेली. तिने डाव्या हाताच्या करंगळीवर बोट ठेवलं. चित्रातली ती करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

"लहान होती तेव्हा मुसळ पडलं हिच्यावर. माझ्याच हातून. ही माझी बहीस, मॅडम. रूपी. सात वर्सं झाली तिला मरून."

रश्मी चित्राजवळ सरकली. ती करंगळी आपल्याच हातून चुकली असं तिला वाटत आलं होतं. निवड होण्याआधी ती सरळ करायचंही तिने मनाशी ठरवलं होतं.

भिकीने सांगितलं ते असं. रूपीला सायवनजवळच्या पाड्यावर दिली होती. एका पावसाळ्यात नदीकाठी तिची पाटी आणि चपला सापडल्या. पाण्याला ओढ होती. चार दिवस माणसं काठाकाठाने शोधत होती. काही मिळालं नाही. मग दिवस घातले, जेवण झालं. आयने वर्षभर नदीचं पाणी तोंडाला लावलं नाही.

"एकसारखी दिसणारी माणसं असतात," रश्मी म्हणाली खरी, पण तिलाही ते पटलं नाही.

बाजाराच्या दिवशी दोघींनी सुट्टी टाकली. एसटीने चारोटी, तिथून जीपने तलासरी. सबंध प्रवास उणापुरा दीड तासाचा. दीड तासाच्या वाटेवर सात वर्षं! रश्मीला राहून राहून त्याचाच धसका बसत होता.

बाई नेहमीच्या जागी होती. भिकी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. गिऱ्हाईक समजून बाईने एक केरसुणी पुढे केली आणि वर पाहिलं. पुढे केलेला हात तसाच अधांतरी राहिला.

"रूपे," भिकी म्हणाली.

रूपी पळाली नाही. तिने आधी भिकीच्या मागे पाहिलं, डावीउजवीकडे पाहिलं.

"संगती कोन आहे?"

"कोनी नाय. ह्या शाळेतल्या मॅडम."

"काकड्या?"

"नाय."

तेव्हा कुठे तिचा हात खाली आला. काकड्या तिचा नवरा, हे रश्मीला मागाहून कळलं. भिकी खाली बसली आणि बहिणीचे गुडघे धरून रडायला लागली. "आम्ही तुजे दिवस घातले गं! एकदा तरी सांगायचंस. मला तरी सांगायचंस!"

रूपीने तिचे हात हळूच बाजूला केले. आवाज न चढवता ती म्हणाली, "तुला सांगितलं होतं. तीनदा पळून आले घरी. दोनदा बापूस सोडून आला त्याच्याकडे. तिसऱ्यांदा कोन सोडून आलं?"

भिकीचं रडणं एकदम थांबलं.

"माझं डोकं फुटलेलं होतं. त्यावर तू हळद लावलीस आनि हाताला धरून त्याच्या दारात उभी केलीस. नांदायला पायजे म्हणालीस. तवाच ठरवलं, आता तिकडं जिवंत यायचं नाय."

भिकीची मान खाली गेली ती गेलीच. आजूबाजूला बाजार चालू होता, कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडत होतं. रश्मीला वाटलं, आपण इथून निघून जावं. पण तेवढ्यात रूपीने तिच्याकडे पाहिलं.

"बाई, मी हितं हाय ते हिला कसं कळलं?"

"मी… तुमचं चित्र काढलं होतं."

"कधी?"

रश्मीने सोड्याच्या गाडीकडे बोट केलं. "तिथून."

"मला इचारलंत?"

रश्मीने हात खाली घेतला. चौदा वर्षांत हजार मुलांना तिने रेघ कशी मारायची ते शिकवलं होतं, पण हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता आणि तिनेही स्वतःला विचारला नव्हता.

"कुठं हाय ते चितर?"

"शाळेत. आणि आता मुंबईला जाणार. पुस्तकावर छापणार."

"काकड्या जिता हाय ना?" रूपीने भिकीला विचारलं.

भिकीने मान डोलावली. मग तिने दचकून रश्मीकडे पाहिलं. "मॅडम, त्याच्या भावाची पोरगी आपल्या शाळेत हाय. सातवीत. वर्षा."

वर्षा रश्मीच्या वर्गात होती. चित्र आलं त्या दिवशी सगळ्यांत पुढे उभी राहून तिनेच विचारलं होतं, "बाई, ही खरी बाई आहे का?" आणि रश्मीने कौतुकाने सांगितलं होतं, "खरी आहे, तलासरीला बसते." त्याच दिवशी हेडसरांनी चित्राचा फोटो पालकांच्या ग्रुपवरही टाकला होता.

तिने बाजारातूनच हेडसरांना फोन लावला. चित्र कपाटात ठेवा, ग्रुपवरचा फोटो काढा, कारण आल्यावर सांगते. मग मुंबईला फोन करून चित्र देत नसल्याचं कळवलं. पलीकडचे गृहस्थ आधी हसले, मग चिडले. "मॅडम, अशी संधी पुन्हा येत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण ते चित्र माझ्या एकटीचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिने वर्षाला बाजूला घेतलं. घरी कुणाला काही बोललीस का? वर्षा नखं कुरतडायला लागली. "नाही बाई. बाबांचा फोन साधा आहे, फोटो घरी कुणी पाहिला नाही. मी काकूला लगेच ओळखलं. पण काका कसे मारायचे ते मला आठवतं." त्या बारा वर्षांच्या पोरीसमोर रश्मीला उभं राहवेना. ती बाकावर बसली.

पंधरा दिवसांनी भिकी डोळे तपासायचं निमित्त करून आयला तलासरीला घेऊन आली. रूपीने "आयलाच तेवढं सांग" म्हणून निरोप दिला होता. रश्मीलाही यायला सांगितलं होतं. का, ते तिला कळलं नाही.

म्हातारीने लेकीला जवळून पाहिलं, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि खाडकन तिच्या थोबाडीत मारली. शेजारची बाई उठून उभी राहिली. रूपी हलली नाही. मग म्हातारी तिथेच पोत्यावर बसली, श्वास जागेवर आणला आणि पुढ्यातल्या शिंदीच्या पाती ओढून केरसुणी बांधायला लागली. भिकी दुसऱ्या बाजूला बसली. तिला रूपीने जागा दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

रश्मी दूर उभी होती. वही पिशवीत होती, ती तिने काढली नव्हती.

"तू का चितर काढणारी?" म्हातारीने हाक मारली. "हितं ये. काढ आमचं."

"आय, नको," रूपी म्हणाली.

"तोंड नको काढू. मागून काढ. तिघी बसलेल्या."

रश्मीने रूपीकडे पाहिलं. रूपीने दातांतली दोरी काढली, थोडा विचार केला आणि होकाराची मान डोलावली.

रश्मी वळसा घालून त्यांच्या मागे गेली आणि जमिनीवर बसली. पहिल्या दोन रेघा चुकल्या. तिने पान उलटलं.