पहिलं पाणी

"हे खोटं बोलतात, डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "माझ्यासमोर खातात आणि माझी पाठ वळली की टाकून देतात. नाहीतर रिपोर्ट असा कसा येईल?"

शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसले होते. सगळे त्यांना रंगारीकाका म्हणत. चाळीस वर्षे लोकांच्या भिंती रंगवून नखांत बसलेला पांढरा रंग ते दुसऱ्या हाताच्या नखाने खरवडत होते. सहा महिन्यांपूर्वी शिडीवर असतानाच छातीत धडधडले आणि काका खाली उतरले, ते पुन्हा चढलेच नाहीत.

डॉक्टरांनी तिसरा रिपोर्ट पुढे सरकवला. "पोटॅशियम पुन्हा कमी. मॅग्नेशियमही तसंच. अंगातलं पाणी काढणारी गोळी बंद करता येत नाही, कारण हृदय दुबळं आहे. पण त्या पाण्याबरोबर हे क्षारही जातात, ते जेवणातून भरून निघायला हवेत. म्हणून तर पालक, बटाटा, कडधान्यं, भोपळ्याच्या बिया लिहून दिल्या होत्या. ठोका असाच चुकत राहिला तर एक दिवस थांबेल, काका. आता पातळ औषधही देतो. आठवड्यानं पुन्हा रक्त तपासू. पण जेवायला हवं."

"जेवतो हो," काका एवढेच म्हणाले.

डॉक्टरांनी मावशींकडे पाहिले. मावशींनी छताकडे पाहिले.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. बावीस वर्षे त्या एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मूत्रपिंडाच्या रुग्णांचे जेवण शिजवत होत्या. त्यांच्या हातचे खाऊन कुणाला बाधले, असे एकदाही झाले नव्हते. बाई नाकावर माशी बसू देत नसे. आणि तिच्याच घरात, तिच्याच ताटात जेवणाऱ्या माणसाच्या रक्तात काही उतरू नये?

दुसऱ्या रिपोर्टनंतर त्यांनी पहाराच बसवला होता. काका जेवायला बसले की त्या समोर स्टूल ओढून बसत. काका गोळी गिळावी तसा घास गिळत. "कापूस चावल्यासारखं लागतं गं," ते एकदा म्हणाले होते. "तुमच्या जिभेवर रंग बसलाय," मावशींनी ऐकवले. जेवण संपले की काका वाडगा तिरका करून त्यांना तळ दाखवत. "बघ. काही नाही." पहिले काही दिवस ते गमतीने दाखवत. मग गंमत राहिली नाही, दाखवणे मात्र राहिले. तरीही मावशी कचऱ्याची बादली चाळत, खिडकीखाली वाकून बघत. तिथे कधी काही सापडले नाही. त्यावरून नवरा फार सराईत झालाय, एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला.

डॉक्टरांकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर एक नवी स्वयंपाकीण आली होती. बाळंतिणींच्या विभागातून बदली होऊन आलेली, चांगली पन्नाशीची बाई. आहारतज्ज्ञ मुलगी तिला काम समजावून देत होती. "भाजी बारीक चिरायची. दोन तास भिजवायची, ते पाणी ओतायचं. मग भरपूर पाण्यात उकळायची आणि तेही ओतायचं."

"एवढं केल्यावर भाजीत उरतं काय?" नव्या बाईने विचारले.

"नकोच आहे उरायला. पोटॅशियम बरंचसं त्या पाण्यात उतरतं. यांची मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत, मग ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. पण ही पद्धत इथल्यापुरती हं. घरी असं शिजवू नका, चांगलं ते सगळं मोरीत जाईल."

मावशी फडक्याने धरलेले पातेले मोरीवर कलते करून उभ्या होत्या. त्यांचे हात तिथेच थांबले.

त्यांना हे काम एका म्हाताऱ्या आचाऱ्याने शिकवले होते. तो म्हणायचा, "पहिलं पाणी दोषाचं, पोरी. ते गेलं की भाजी शुद्ध." कसला दोष, हे त्यांनी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. त्या दिवसापासून घरीही त्या तशाच शिजवत आल्या होत्या. आमच्या घरात दोषाचे पाणी कुणाच्या पोटात जात नाही, असे शेजारणींना सांगत. आणि डॉक्टरांनी भाज्या लिहून दिल्यापासून तर, आजारी माणूस म्हणून, त्या एकदाच्या ऐवजी दोनदा उकळत होत्या. भोपळ्याच्या बियासुद्धा.

कुंपणच शेत खात होते, आणि ओरडत होते चोर चोर म्हणून.

"मावशी, ओता ना. हात भाजेल," मुलगी म्हणाली.

मावशींनी ओतले. वॉर्डातल्या चाळीस माणसांसाठी ते ओतायलाच हवे होते. हिरवे पाणी गोल फिरत जाळीतून खाली गेले. ते पूर्ण जाईपर्यंत त्या बघत राहिल्या.

दुपारी घरी येऊन त्यांनी पालक धुतला, बटाट्यासह चिरला, बेताचे पाणी घातले आणि झाकण ठेवले. चाळणीकडे हात दोनदा गेला. काका खिडकीपाशी बसून होते. ते आज न बोलावता आत आले.

पहिला घास घेऊन ते थांबले. "आज काय घातलंस?"

"काही घातलं नाही. ओतलं नाही फक्त."

मग मावशींनी स्टुलावर बसून सगळे सांगितले. म्हाताऱ्या आचाऱ्याचे, पाण्याचे, चाळणीचे. "तुम्ही खाताच होता. जे हवं ते मीच फेकत होते. आणि वर चारचौघांत तुम्हाला खोटं ठरवलं."

काकांचा हात सवयीने छातीवर गेला. ते ठोके मोजत असावेत तसे बसले.

"म्हणजे मी जेवत होतो," ते म्हणाले.

"जेवत होता."

"डॉक्टरांना सांगशील?"

"सांगेन. तुमच्यासमोर सांगेन."

काकांनी मान हलवली आणि पुन्हा जेवायला सुरुवात केली. रक्त तपासायला अजून सहा दिवस होते. इतकी वर्षे गेलेले सहा दिवसांत किती भरून येणार, हे मावशींना कळत नव्हते आणि विचारायचे धैर्य नव्हते. काकांनी उरलेला रस वाडगा तोंडाला लावून प्यायला, ओठ पुसले आणि रोजच्यासारखा वाडगा तिरका करून मावशींपुढे धरला.

"बघ," ते म्हणाले.

मावशींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आत न बघता बाजूला ठेवून दिला.