नको त्या वाटेचा लेख

आमच्या लेकीला जेवायचं वळण म्हणून राहिलेलं नाही. एक हात ताटात, दुसरा फोनवर. ती मेंदूची ऑपरेशनं करते, लोकांच्या डोक्यातला गुंता सोडवते, पण तिच्या स्वतःच्या डोक्यात गेला महिनाभर एकच भुंगा: आपल्या लेखांचं नाव जगात कुणी कुणी घेतलं. बाहेर दहा माणसं तिच्यापुढे उभं राहायला घाबरतात. घरी मी आहे.

हे नाव घेण्याचं प्रकरण मला जावयाने समजावलं. जावई भूल देणारा डॉक्टर. त्याचं बोलणं ऐकलं की भूल द्यायला त्याला औषध कशाला लागतं हेच कळत नाही. पण हे त्याने नीट सांगितलं. डॉक्टर लोक लेख छापतात. पुढे दुसऱ्या कुणी आपल्या लेखात त्याचा दाखला दिला, की पहिल्याच्या खात्यात एक जमा. ज्याचे दाखले जास्त तो मोठा. मी म्हटलं, आमच्या सासरी हेच होतं. ज्याचं नाव चार घरांत निघतं तो मोठा, मग ते कशासाठी का निघेना. जावई हसला. लेक हसली नाही.

विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. मुलाखतीआधी आपले उत्तम पाच लेख निवडून पाठवायचे होते. त्याच जागेवर आणखी एका डॉक्टरांचा डोळा, लेकीपेक्षा वयाने लहान आणि जिभेने लांब. रविवारी दुपारी जेवताना जावयाने तिचे पाच लेख पाहिले आणि घास खाली ठेवला. ज्याचे दाखले सगळ्यांत जास्त, नेमका तोच तिने गाळला होता. तो घातला तर ती त्या लांब जिभेच्या पुढे, गाळला तर मागे.

मी विचारलं, एवढं सोनं असताना अंगावर का घालत नाहीस? तिचं बोट फोनवरच फिरत राहिलं. जावयानेच सांगितलं. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत पाणी साचतं, ते नळी घालून पोटात उतरवतात. बऱ्याच वर्षांपूर्वी लेकीने त्या नळीसाठी नवी वाट काढली. चिरफाड कमी होईल असं तिला वाटलं, झालं उलटं. नळ्या तुंबायला लागल्या, माणसं पुन्हा टेबलावर घ्यावी लागली. तिने ते थांबवलं आणि सगळं जसंच्या तसं छापून टाकलं. आता जो तो तिचं नाव घेतो ते एवढंच सांगायला, की हिने केलं तसं करू नका. त्या लांब जिभेच्या डॉक्टरांनी तर चहाच्या वेळी चारचौघांत म्हटलं होतं, मॅडमची कीर्ती पडक्या पुलासारखी, लोक लांबूनच दाखवतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावई म्हणाला, आकडा तो आकडा, निवड समिती कुठे दाखले उघडून वाचत बसते?

तेव्हा लेक बोलली. "त्यात एक शिंपी होता, आई. दुसऱ्या ऑपरेशननंतर त्याची वाचा गेली. तो आकडा वाढला की मला त्याचं तोंड दिसतं. त्याच्या जिवावर मी खुर्चीत बसू?"

जावई ताटात बघायला लागला.   शिंप्याला काही मी परत बोलतं करणार नव्हते. मग एकच विचारलं, लेख आल्यावर त्या वाटेने पुन्हा कुणी नळी घातली का. तिच्या माहितीत तरी नाही, म्हणाली. दोन ठिकाणी तयारी झाली होती, त्यांनी लेख वाचून बेत सोडला आणि तसं तिला कळवलंही.

कळवलं, आणि ही बाई ते गिळून बसली.

मी तिचा फोन उचलून पालथा ठेवला.

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण पुढचाच आपलं लंगडणं लपवायला लागला, तर मागचा शहाणा व्हायचा कसा? तेव्हा तू लपवलं नाहीस. आज लाज वाटते म्हणून लपवतेस, आणि वर त्याला शिंप्याची कणव म्हणतेस? त्या माणसाचं जे झालं ते एवढ्या एका जागी लिहिलेलं आहे. पहिला लाव तो लेख. त्यांनी विचारलं नाही तरी आपल्या तोंडाने सांग, काय चुकलं ते. मग खुर्ची तुला देऊ देत, नाहीतर त्या लांब जिभेला देऊ देत. आणि आता जेव. सगळं गार झालंय."