गाडीत नसलेल्या माणसाचा विमा

रविवारी सकाळी वैजनाथ कॉलेजच्या हॉलमध्ये बाकांवर परीक्षेचे नंबर चिकटवत होता, तेव्हा शेजारच्या राघवेंद्रचा फोन आला. माळेगावच्या पुढे गाडी रस्त्याखाली गेली, तुम्ही लगेच निघा, एवढंच तो म्हणाला. शिवकांताचं काय, असं वैजनाथनं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा फोन दुसऱ्याच कुणी घेतला आणि सांगितलं, "बाई गेल्या, साहेब."

शिवकांता त्याची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी सृष्टी डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला होस्टेलवर. नांदेडच्या त्या गल्लीतली चार पोरं लातूरला होती, म्हणून दर रविवारी कुणाची तरी गाडी सगळ्यांचे डबे घेऊन जायची. त्या रविवारी पाळी वैजनाथची होती. पण तो कॉलेजात लिपिक, आणि सोमवारपासून परीक्षा. म्हणून त्याची गाडी घेऊन राघवेंद्र गेला आणि शेजारी शिवकांता बसली. म्हैस आडवी आली. राघवेंद्रनं गाडी वळवली ती सरळ रसवंतीच्या शेडमध्ये घुसली. त्याचं मनगट मोडलं. शिवकांता जागीच गेली.

तेरावं झाल्यावर वैजनाथ पॉलिसीचा कागद घेऊन एजंट गुरुबसप्पाकडे गेला. मूळचा देगलूरचा हा माणूस, गल्लीतल्या निम्म्या गाड्यांचे विमे त्यानंच उतरवलेले. त्यानं चहा मागवला. मग कागदावर बोट ठेवून सांगायला लागला. हा थर्ड पार्टी. आपल्या गाडीनं बाहेरच्या कुणाला उडवलं, कुणाचं काही पाडलं, तर कंपनी भरणार. त्या रसवंतीवाल्याला शेडचं मिळेल. आपल्या गाडीचं नुकसान ह्यात येत नाही, त्याचा भाग वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही मिळून जो होतो त्याला लोक फुल म्हणतात. घरच्या गाडीत बसलेल्या माणसांना फुलमध्ये धरतात, नुसत्या थर्ड पार्टीत धरत नाहीत. बसणाऱ्यांचा वेगळा अपघाती विमाही जोडता येतो, पण तो आपण जोडला नव्हता.

"मग ह्यात हाय कोण?" वैजनाथनं विचारलं.

गुरुबसप्पानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मालक. गाडी ज्याच्या नावावर, त्याचा पंधरा लाखांचा हाय. तुम्ही चालवत असता, तर..."

"मी बाकं मांडून राह्यलो होतो."

"तेच की, साहेब."

त्या गाडीचा विमा होता तो एकाच माणसाचा, आणि तोच गाडीत नव्हता. वैजनाथनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि चालत घरी आला.

फुल आणि थर्ड पार्टीत फरक असतो, एवढं त्याला जूनमध्ये विमा भरतानाही ठाऊक होतं. गल्लीत रीतच तशी होती. गाडी नवी असेस्तोवर फुल, पुढे पोलिसाला दाखवण्यापुरता कागद. शिवकांताला ती रीत मान्य नव्हती. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. भूकंप झाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. आई, बाप आणि धाकटी बहीण दगडमातीखाली गेली. ती आणि भाऊ दगडोबा अंगणात झोपले होते म्हणून वाचले. कसलाही कागद करायचा असला की ती म्हणायची, अर्धवट करू नका, सगळं जायला एक रात्र पुरती. विम्याची तारीख आली तेव्हाही तिनं फुलच करा म्हणून सांगितलं होतं. वैजनाथ हाव म्हणाला आणि थर्ड पार्टी करून आला. उरलेले पैसे त्यानं सृष्टीच्या टेस्ट सिरीजला भरले. झाला का फुल, असं तिनं संध्याकाळी विचारलं, तेव्हा तो झाला म्हणाला. तीन महिने ती त्या गाडीत निर्धास्त बसली.

आता रविवारी तो एकटाच एसटीनं लातूरला जातो. डबा राघवेंद्रची बायको करून देते. होस्टेलच्या पायऱ्यांवर बसून सृष्टी दोन घास खाते आणि डबा झाकते. पहिल्याच रविवारी तिनं विचारलं होतं.

"पप्पा, मामा म्हणला विम्याच्या फॉर्मवर माझी पण सही लागती. भूकंपात त्यांना वारस म्हणून सह्या कराव्या लागल्या होत्या म्हणं. फॉर्म आणला का?"

"पुढच्या खेपेला आणतो."

"मम्मी मला म्हणली होती, आपला फुल हाय. हाय ना?"

"हाव."

तिनं पिशवीतून टेस्ट सिरीजचे पेपर काढून मांडीवर घेतले. मग म्हणाली, "सही झाली की मला त्या पैशातलं काहीच नको. मम्मीनं केलेलं होतं, एवढं माहीत असलं म्हणजे झालं."

वैजनाथनं मान हलवली. थर्ड पार्टी म्हणावं, तर ती का म्हणून विचारणार. आणि का ते सांगावं, तर ते तिच्याच मांडीवर उघडं पडलेलं होतं, चाचणीचे पेपर, लाल पेनानं तपासलेले. हे ऐकून ही पोर पुन्हा पेपराला बसेल का, हे त्याला कळत नव्हतं. न सांगून तरी किती दिवस जातील, हेही कळत नव्हतं. दगडोबाला साधा फोन केला असता, तर त्यानंच तिला समजावलं असतं. पण त्याच्या बहिणीला काय सांगितलं होतं, हे मग त्यालाही सांगावं लागलं असतं.

त्यानंतर आणखी तीन रविवार झाले. दर वेळी ती फॉर्मचं विचारते आणि तो विम्याच्या ऑफिसवर ढकलतो. फॉर्म कुठंच नाही, आणि तो का नाही, हे सृष्टीला सांगायचं अजून राहिलेलं आहे.